जखम दिसते, खोली दिसत नाही

वारंगा फाटा हे कळमनुरी तालुक्यातलं तिठ्याचं गाव. नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा आखाडा बाळापूर आणि कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगावमार्गे यवतमाळ-नागपूरकडे. या पट्ट्यात कुणाच्या तोंडात न भरणारी जखम निघाली आणि तिचं नाव कॅन्सर असल्याचं कळलं, की घरात पहिली चर्चा होते ती कुठे न्यायचं याची. नांदेड, संभाजीनगर, नागपूर, की थेट मुंबईचं टाटा? चर्चा रास्त आहे, पण तिच्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: रोग आत कुठवर गेला आहे? त्याचं उत्तर हाती असेल तर कुठे न्यायचं, ऑपरेशन करायचं की शेक (रेडिएशन) द्यायचा, किती घाई करायची, हे सगळं ठरतं. उत्तर नसेल तर चांगल्या सर्जनच्या हातूनही चुकीचं ऑपरेशन होऊ शकतं. हे उत्तर मिळवण्याचं मुख्य साधन म्हणजे सीटी, एमआरआय, सोनोग्राफी आणि क्वचित पेट-सीटी. या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे की डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये पहिला काप घेण्याआधी नीट काढलेलं चित्र हा उपचाराचाच भाग आहे आणि गरीब रुग्णाला त्याची गरज श्रीमंतापेक्षा जास्त आहे.

प्रश्नाचा आकार आधी पाहू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय पुरुषांत हा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. प्रौढांमधल्या तंबाखूवापराच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के होते, तर तोंडात तंबाखू धरणारे, गुटखा खाणारे किंवा मिश्री लावणारे २४.४ टक्के. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय टिकून आहे. पाश्चात्त्य देशांत घशातल्या, टॉन्सिलच्या आसपासच्या कॅन्सरचं प्रमाण विषाणूमुळे वाढलं. आपल्याकडे रोग बहुतेकदा तिथेच उगवतो जिथे चिमूट ठेवली जाते, म्हणजे गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या चरीत. जागेचा हा फरक महत्त्वाचा आहे. त्या चरीपासून जबड्याचं हाड अगदी लगत असतं, आणि मागच्या बाजूला चावण्याचे स्नायू आणि त्यांच्या वर कवटीचा तळ. रोग तिथे किती आत घुसला, हाच उपचाराचा कणा ठरतो.

कॅन्सरची ‘स्टेज’ हा शब्द आता गावागावांत पोचला आहे, पण ती ठरते कशी हे फारसं सांगितलं जात नाही. पिएर देन्वा या फ्रेंच शल्यविशारदाने १९४३ ते १९५२ या काळात टीएनएम पद्धत मांडली आणि तीच आज जगभर चालते. टी म्हणजे मूळ गाठीचा विस्तार, एन म्हणजे मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलेला रोग, एम म्हणजे फुप्फुस, यकृत, हाडं अशा दूरच्या जागी झालेला प्रसार. पूर्वी तोंडाच्या कॅन्सरमध्ये टी ठरवताना मुख्यतः जखमेची लांबी-रुंदी मोजली जायची. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीने त्यात खोली आणली. दोन सेंटिमीटरच्या आतली जखम पाच मिलिमीटरपेक्षा खोल नसेल तर ती पहिल्या पायरीवर. तीच जखम पाचहून जास्त खोल गेली तर दुसऱ्या पायरीवर, आणि दोन ते चार सेंटिमीटरची जखम दहाच्या पुढे खोल गेली तर तिसऱ्या. हाडाची बाहेरची पाटी फोडून रोग आत शिरला की तो चौथ्या पायरीवर जातो. हे नियम कारकुनी नाहीत. हजारो रुग्णांचं पुढे काय झालं याच्या नोंदींवरून खोलीचा आणि जगण्याचा संबंध दिसला, म्हणून त्या बदलाला जागा मिळाली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो साधासुधा नाही. तोंड तर उघडून पाहता येतं. पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीसाठी मशीन लागतं हे समजतं, पण बॅटरीच्या उजेडात दिसणाऱ्या, बोटाने चाचपता येणाऱ्या जखमेसाठी चित्र कशाला? डोळा आणि बोट ही कुठल्याही तपासणीची सुरुवात आहे आणि तिची जागा मशीन घेत नाही, हे खरंच आहे. जखमेची कड किती कडक आहे, गाल हिरडीपासून सुटा हलतो का, जीभ बाहेर येते का, हे चांगल्या डॉक्टरच्या बोटाला जितकं कळतं तितकं काही वेळा चित्रालाही कळत नाही. पण हरळीचं जसं वर पातं बोटभर आणि मुळी हातभर असते, तसंच या रोगाचं असू शकतं. चार मिलिमीटर आणि बारा मिलिमीटर खोलीतला फरक बोटाला लागत नाही. हाडाला चिकटलेली जखम आणि हाडात शिरलेली जखम चाचपताना सारखीच वाटते. शिवाय या भागात आणखी एक अडचण आहे. वर्षानुवर्षं सुपारी आणि गुटखा चघळून गालाच्या आतलं अस्तर चामड्यासारखं आकसतं. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात, यांच्या तोंडात एकही धड मावत नाही. ज्या तोंडात बॅटरीचा उजेडच मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही, तिथे ‘बघून सांगतो’ या शब्दांवर विसंबणं धोक्याचं आहे. त्यातही एक पेच असा की तोंड न उघडण्याची कारणं दोन असू शकतात: जुनं आकसलेलं अस्तर, किंवा चावण्याच्या स्नायूंत शिरलेला कॅन्सर. पहिल्यात ऑपरेशन कठीण होतं, दुसऱ्यात स्टेजच बदलते. हे दोन वेगळे करायला स्नायूंचं चित्र लागतं.

हे चित्र कसं काढलं जातं ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तंत्रातल्या लहानशा चुकीने सगळा खर्च वाया जातो. सीटीच्या टेबलावर झोपलेल्या माणसाचा गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेली असतात. चित्रात ती दोन्ही मिळून करड्या रंगाचा एकच पट्टा दिसतो, आणि रोग गालाचा की हिरडीचा हे सांगता येत नाही. म्हणून रुग्णाला ओठ मिटून दोन्ही गाल हवेने फुगवायला सांगतात आणि तेवढ्या काही सेकंदांत स्कॅन घेतात. चरीत हवा शिरते, हवा चित्रात काळी दिसते, आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर गाठीची कड सुटी उभी राहते. या युक्तीला वेगळा पैसा लागत नाही, सांगणारा तंत्रज्ञ आणि थोडा सराव लागतो. दुसरी गोष्ट कॉन्ट्रास्टची. शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडलं की रक्तपुरवठा जास्त असलेली गाठ उजळते, मानेतल्या रक्तवाहिन्या उजळतात, आणि ग्रंथी त्यांच्यापासून वेगळ्या ओळखता येतात. कॉन्ट्रास्टशिवाय काढलेल्या मानेच्या सीटीत स्नायू, वाहिनी, गाठ यांच्या छटा इतक्या जवळच्या असतात की स्टेज ठरवायला तिचा फारसा उपयोग नसतो. मूत्रपिंडं बरी आहेत ना हे पाहायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं लागतं. ती तपासणी राहून गेली म्हणून ‘साधीच काढून घ्या’ असं झालं, तर तो स्कॅन बहुधा पुन्हा काढावा लागतो.

आता हाडाकडे वळू. दाताच्या दवाखान्यात जबड्याचा सलग एक्स-रे काढतात. तो सुरुवातीला उपयोगी आहे, पण हाडातला साधारण एक तृतीयांश ते निम्मा चुना गेल्याशिवाय त्यात फरक दिसत नाही. सीटी हाडाच्या पाटीतली बारीक झीज दाखवते. हाडाच्या आतल्या मज्जेत रोग पसरला का, नसेच्या बोगद्यातून तो मागे सरकतो आहे का, हे एमआरआयमध्ये जास्त चांगलं दिसतं. खालचा ओठ बधिर झाल्याची तक्रार असेल तर त्या नसेकडे मुद्दाम पाहायला हवं. जिभेच्या कॅन्सरमध्ये तर एमआरआयच पुढे, कारण जिभेच्या स्नायूंच्या थरांत रोग किती खोल आहे हे ती मिलिमीटरमध्ये मोजू देते, शिवाय दातांतल्या चांदीमुळे सीटीवर येणारे पट्टे तिच्यात त्रास देत नाहीत. ती खोली सूक्ष्मदर्शकाखालच्या मापापेक्षा थोडी जास्त भरते, हे ध्यानात घेऊन वाचायची असते. एमआरआयला वेळ लागतो, आणि गिळताना, खोकताना जीभ हलली की चित्र बिघडतं. म्हणून दोन्हींपैकी एक चांगली आणि दुसरी वाईट असा निवाडा होत नाही. गाल-हिरडीच्या रोगाला बहुधा गाल फुगवून काढलेली कॉन्ट्रास्ट सीटी पुरते, जिभेला एमआरआय हवी, आणि हाडाबद्दल शंका उरली तर दुसरी जोडावी.

या सगळ्याचा फायदा सर्वांत ठळक दिसतो तो वाढलेल्या रोगात, आणि तिथेच दुसरा आक्षेप उभा राहतो. आपल्याकडे बहुतेक रुग्ण उशिराच येतात, जखम डोळ्यांना दिसतेच आहे, मग तिसरी की चौथी हे मोजत बसून काय मिळणार? मिळतं ते असं. गालाचा कॅन्सर मागे सरकून चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात शिरला की नियमाप्रमाणे तो चौथ्या पायरीचा ‘बी’ गट, म्हणजे पूर्वीच्या समजुतीने ऑपरेशनच्या पलीकडचा. पण खालच्या जबड्याच्या हाडाला वरच्या बाजूला दोन टोकं असतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच असते. रोग त्या खाचेच्या खाली असेल तर तो संपूर्ण कप्प्यासकट काढता येतो आणि निकाल चौथ्या ‘ए’ गटाच्या जवळ येतात, हे तैवानमधल्या आणि टाटा मेमोरियलमधल्या सर्जनांच्या कामातून पुढे आलं. खाचेच्या वर, कवटीच्या तळाकडे गेलेल्या रोगाला हे लागू होत नाही. मानेतल्या मुख्य धमनीला रोगाने पाऊणपेक्षा जास्त वेढा दिला असेल तर ती सोडवून घेणं जवळपास अशक्य असतं. एका खाचेच्या वर-खाली असण्यावर एका माणसाला बरं होण्याची संधी मिळते. दुसऱ्याला जबडा, गाल गमावून काहीच न मिळणारं ऑपरेशन टळतं आणि वेदना कमी करणाऱ्या उपचारांकडे वेळेत वळता येतं. ही खाच कुणाच्या बोटाला लागत नाही, ती फक्त चित्रात दिसते. उशिरा आलेल्या रुग्णासाठी स्टेज मोजणं निरर्थक आहे, हा समज म्हणूनच टिकत नाही. उशीर झाला असेल तर मापाची गरज वाढते.

यानंतर मान. तोंडाच्या कॅन्सरचा पहिला मुक्काम मानेतल्या ग्रंथींमध्ये असतो, आणि तिथे रोग पोचला की जगण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते. इथे सर्वांत स्वस्त साधन पुष्कळ काम करतं. सोनोग्राफीत निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट, मध्ये चरबीची पांढरी रेघ असलेली दिसते. ती गोल झाली, मधली रेघ गेली, आत सडून पोकळी झाली, कड फाटकी दिसली, किंवा आडवं माप एक सेंटिमीटरच्या पुढे गेलं, तर संशय घ्यायचा. त्याच वेळी सोनोग्राफी पाहत बारीक सुईने पेशी काढता येतात. ही सोय तालुक्याच्या पातळीवरही होण्यासारखी आहे. जे अजिबात होऊ नये ते म्हणजे तपासणीसाठी मानेतली गाठ कापून काढणं. त्यामुळे ग्रंथीचं वेष्टण फुटतं, आजूबाजूच्या उतींची रचना बिघडते, नंतरच्या चित्रात व्रण कोणता आणि रोग कोणता हे कळेनासं होतं, आणि मोठं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं काम अवघड होतं. मराठवाड्यात क्षयामुळेही मानेत गाठी येतात, म्हणून सुईने तपासणं दुप्पट गरजेचं आहे.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. चित्र सगळं पकडत नाही. रोगाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पेरणीला सीटी, एमआरआय, सोनोग्राफी यांपैकी कुणीही भरवशाने पकडू शकत नाही. मानेत काहीच सापडलेलं नाही अशा लहान तोंडाच्या कॅन्सरमध्येही अंदाजे दर तीन ते पाच रुग्णांमागे एकाच्या ग्रंथींत रोग लपलेला निघतो. याचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईतूनच आला. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातले, मानेत गाठ न सापडलेले रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटात मूळ ऑपरेशनबरोबरच मानेच्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात मान तशीच ठेवून लक्ष ठेवलं आणि गाठ आली तरच ऑपरेशन केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांत तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. यावरून कुणी म्हणेल की मान स्वच्छ दिसली तरी जर काढायचीच आहे, तर चित्राचा उपयोग काय? उत्तर असं, की या अभ्यासाने चित्राचं काम नेमून दिलं. मानेबद्दल ‘काही नाही’ हे चित्राचं उत्तर अंतिम मानायचं नाही, पण ‘आहे’ हे उत्तर मोलाचं आहे. ते मिळालं तर एका बाजूच्या वरच्या थोड्या ग्रंथींऐवजी मोठा भाग, कधी दोन्ही बाजू काढाव्या लागतात, आणि नंतर शेक-केमोची तयारी आधीच ठेवता येते. शिवाय मूळ गाठीची खोली चित्रात कळली तर मानेचं ऑपरेशन कुणाला जास्त लागेल याचाही अंदाज येतो. साधनाच्या मर्यादा माहीत असणं म्हणजे ते टाकून देणं नव्हे.

याच तर्काने पेट-सीटीकडे पाहायला हवं. शहरातल्या जाहिराती आणि नातलगांचे सल्ले यांमुळे ‘पूर्ण अंगाचा स्कॅन’ म्हणजेच चांगला उपचार असा समज पसरला आहे. पेट-सीटीत साखरेसारखं किरणोत्सारी औषध देतात आणि जास्त साखर खाणाऱ्या पेशी उजळतात. पण सूज, जंतुसंसर्ग आणि क्षयसुद्धा उजळतात, आणि ताजी दात काढलेली जागाही. लहान, सुरुवातीच्या रोगात तिने हाती फार काही लागत नाही, उलट खोट्या उजेडामागे धावताना आठवडे जातात. तिची जागा ठरलेली आहे: बराच वाढलेला रोग, दूर प्रसाराची शंका, मानेत गाठ आहे पण मूळ सापडत नाही असे रुग्ण, आणि शेक-केमो झाल्यानंतरची तपासणी. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५६४ रुग्णांच्या चाचणीत शेक-केमोनंतर सुमारे तीन महिन्यांनी पेट-सीटी करून लक्ष ठेवल्यावर मानेचं ऑपरेशन बहुतेकांना लागलंच नाही आणि जगण्याचं प्रमाणही कमी झालं नाही. महाग साधन योग्य प्रश्नाला लावलं की ऑपरेशन वाचवतं, सरसकट लावलं की फक्त पैसे घेतं. दूरचा प्रसार शोधायला बहुतेकांना छातीची सीटी पुरते, कारण हा रोग दूर गेला तर फुप्फुसात आधी जातो. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्येही, जबड्याच्या खाचेसारखाच, चित्राने सोडवायच्या एका प्रश्नावर निकाल ठरतो: रोग कूर्चा भेदून बाहेर आला का? आला नसेल तर शेक-केमोने आवाज वाचवण्याचा विचार करता येतो. आला असेल तर स्वरयंत्र काढणंच बहुधा जास्त सुरक्षित असतं.

राहिला पैशाचा आणि वेळेचा आक्षेप. वारंग्याच्या मजुराला एक चित्र म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी, आणि त्यासाठी महिना गेला तर रोग वाढतो. हे दोन्ही खरं आहे. म्हणूनच क्रम हवा. आखाडा बाळापूर किंवा कळमनुरीच्या सरकारी रुग्णालयात जखम पाहून, मान चाचपून, तुकडा तपासणीला पाठवता येतो. कॉन्ट्रास्ट सीटी नांदेडला होऊ शकते, विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंगोलीलाही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं आहे, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवणं योग्य आहे. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय पुढच्या उपचारांसाठी मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. तुकड्याचा अहवाल येण्याच्या आठ-दहा दिवसांतच सीटी होऊन गेली तर एकही दिवस वाढत नाही. खरा वेळ आणि पैसा जातो तो चुकलेल्या पहिल्या स्कॅनमुळे: कॉन्ट्रास्ट नाही, गाल फुगवलेले नाहीत, मान पूर्ण घेतलेली नाही, किंवा हाती फक्त गुंडाळलेली फिल्म आहे, सीडी नाही. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला एका फिल्मवरची निवडक चित्रं पुरत नाहीत, त्याला सगळे काप संगणकावर पुढे-मागे करून पाहायचे असतात. सीडी हरवली की स्कॅन पुन्हा. चित्र महिना-दीड महिन्याहून जुनं झालं तरी पुन्हा. आज सीडीतल्या फायली इंटरनेटवरून मुंबईला पाठवता येतात. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये दूरच्या केसवर तज्ज्ञ एकत्र चर्चा करतात. म्हणजे चित्र चांगलं असेल तर रुग्णाआधी त्याचं चित्र मुंबईला पोचू शकतं, आणि नंदिग्राम एक्सप्रेसने जाऊन टाटासमोर परळच्या फुटपाथवर दिवस काढायची वेळ काहींवर तरी येणार नाही. चांगला स्कॅन करणं गरिबाला महाग पडतं, हा हिशेब अर्धवट आहे. त्यात दुसऱ्यांदा केलेला स्कॅन, फुकट गेलेला प्रवास आणि चुकलेलं ऑपरेशन धरलेलं नसतं.

हे सगळं एकट्या डॉक्टरवर सोडून चालणार नाही, कारण पहिला निर्णय बहुतेकदा घरच्यांचा असतो. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, जीभ वळेनाशी झाली, तोंड उघडणं कमी झालं, मानेत गाठ आली, तर दाखवायला जा. जखमेजवळच्या हलणाऱ्या दाढा उपटून घेऊ नका, मानेतली गाठ कापू देऊ नका. ऑपरेशन ठरलं की डॉक्टरांना नम्रपणे, पण न चुकता तीन गोष्टी विचारा: कॉन्ट्रास्टसह सीटी किंवा एमआरआय झाली आहे का, हाड आणि मान यांबद्दल तिच्यात काय दिसलं, आणि त्यावरून स्टेज किती ठरली. अहवालासोबत सीडी मागून घ्या आणि ती जपून ठेवा. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पहिल्या कापाला होकार देऊ नका.